ठिगळ लावा, पण आधी खालचं बघा

ठिगळ लावण्यात कमीपणा नाही. बारामती-इंदापूरच्या ज्या पिढीनं माळरानावर ऊस उभा केला, ती ठिगळांवरच जगली. जुनेर फाडून वाकळ शिवायची, गळक्या पत्र्याला डांबर लावायचं, शेततळ्याचा कागद फाटला की जोड द्यायचा, ठिबकची नळी उंदरानं कुरतडली की कापून जॉइनर बसवायचा. प्रत्येक वेळी नवं आणायला पैसा कुणाकडे होता? आजही फारसा नाही. म्हणून ठिगळ लावू नका असं मी कुणाला सांगणार नाही. सांगायचंय ते एवढंच, की ठिगळ कशावर लावतोय ते आधी नीट बघा.

वाकळ शिवणाऱ्या बायका हे जाणतात. टाका घालण्याआधी त्या कापड दोन्ही हातांनी ताणतात, उजेडात धरतात. भोकाभोवतीचं विरलेलं कापड कातरून टाकतात, मग ठिगळ भोकापेक्षा चांगलं चार बोटं मोठं घेतात. कारण टाका धडक्या कापडात पडला तरच टिकतो. पंक्चर काढणाराही ट्यूबला पॅच लावून थांबत नाही, टायरच्या आतून हात फिरवून बाभळीचा काटा शोधतो. काटा आतच राहिला तर गाडी गावाबाहेर जाण्याआधी पुन्हा बसते.

हाच नियम आपल्या रानाला लावून बघा. नीरा डाव्या कालव्याला 1885 च्या सुमारास पाणी सुटलं आणि या दुष्काळी टापूचं नशीब पालटलं. पण पंचवीस वर्षांच्या आत कालव्याखालच्या काळ्या रानात पांढरी ठिगळं दिसू लागली. नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी अभ्यास केला आणि मुंबई इलाख्याच्या शेती खात्यानं तो 1910 साली पुस्तिका म्हणून छापला. म्हणजे या दुखण्याचं निदान होऊन शंभरावर वर्षं झाली. तरीही सणसर, भवानीनगर, माळेगावच्या बाजूला उसाच्या हिरव्या फडात मध्येच पांढरा डाग दिसला की आपण अजून वरूनच ठिगळ लावतो. कुणी तळ्यातला गाळ ओढून टाकतो, कुणी युरियाचं पोतं जास्त सोडतो, कुणी दुकानदारानं दिलेली बाटली ओततो. एक हंगाम बरा जातो. पुढच्या साली डाग दुप्पट होतो.

खाली काय घडतं ते समजून घ्या. भारी काळ्या जमिनीत पाणी लवकर खाली उतरत नाही. पाटानं मोकाट पाणी देत राहिलो की भूजल वर चढतं. ते जमिनीपासून चार-पाच फुटांवर आलं की ऊन त्याला वर खेचतं. पाणी उडून जातं आणि त्यातलं मीठ वर राहतं. त्यात आपण दुसरा घोळ करतो, ओढे-नाले बुजवून चार सऱ्या वाढवतो. पाण्याची जायची वाटच बंद झाल्यावर ते शेजाऱ्याच्या रानात मुरतं आणि तिथं मीठ फुटतं. 2025 च्या मे अखेरीस मुसळधार पावसात बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी घरादारांत, शिवारांत शिरलं. तेव्हा ओढ्याची जुनी वाट कुठून होती, हे पाण्यानंच सगळ्यांना दाखवलं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, औषधाआधी तपासणी करा. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासण्याची सोय आहे. माळेगाव खुर्दला 2009 पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे आणि क्षारपड जमीन हा तिच्या अभ्यासाचाच विषय आहे. देशभरातले शास्त्रज्ञ आपल्या दारात येऊन बसलेत आणि आपण सल्ला मात्र दुकानाच्या फळीवर शोधतो. नमुना घेताना एक पथ्य पाळा. पांढऱ्या डागाची माती चांगल्या रानाच्या मातीत मिसळू नका. दोन्हींचे नमुने वेगळे बांधा, वेगळी चिठ्ठी लावा. सरमिसळ केली तर अहवाल खोटं समाधान देईल. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची बाटलीही सोबत न्या.

तपासणी का हवी? नुसती खारवट जमीन आणि चोपण जमीन दिसायला सारखी वाटली तरी उपाय वेगळे आहेत. खारवट जमिनीला चांगल्या पाण्यानं मीठ धुऊन खाली उतरवावं लागतं. चोपणात सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, तिथं जिप्सम लागतं, आणि ते किती घालायचं हे अहवालच सांगतो. पण दोन्हीकडे निचरा नसेल तर सगळं वाया. धुतलेलं मीठ जाणार कुठं? उघडा चर काढा, जमलं तर सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा करा, आणि तो चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून ओढ्यापर्यंत न्या. एकट्याच्या बांधावर संपणारा चर म्हणजे शेजाऱ्याच्या रानात सोडलेलं मीठ. सोबत ताग किंवा धैंचा गाडा, पाचट पेटवू नका, पाटपाणी सोडून ठिबकवर या. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची फुले 265 ही जात अशा जमिनीत तग धरते, ती जरूर लावा. पण जात बदलली म्हणजे जमीन सुधारली असं समजू नका.

काही ठिगळं मात्र वेळेवरच लावावी लागतात. उसाच्या नांग्या भरणं हे त्यातलं पहिलं. जिथं डोळा उगवला नाही तिथं महिन्याच्या आत पिशवीतलं रोप लावलं तर ते बाकीच्या उसाबरोबर वाढतं. दोन महिन्यांनी लावलं तर शेजारच्या उसाच्या सावलीत पिचकतं आणि मजुरी अंगावर पडते. नांग्यांची रोपं लागणीच्या दिवशीच बांधावर तयार करायला घाला. खोडव्यालाही हेच.

रस्त्याचंही सांगतो. खड्ड्यात मुरूम ओतणं ही डागडुजी नव्हे. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापायच्या, धूळ झाडायची, डांबराचा हात द्यायचा, मग खडी-डांबर भरून दाबायचं, आणि बाजूच्या गटाराला वाट करून द्यायची. रस्त्यावर पाणी साचत राहिलं तर कुठलंच पॅचवर्क टिकत नाही. ग्रामसभेत हे विचारा, आणि काम चालू असताना उभे राहून बघा.

अंगावरच्या चट्ट्याबद्दलही बोललंच पाहिजे, कारण तो सगळ्यात जास्त झाकला जातो. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, पण तिथं स्पर्श कळत नाही, ऊन-गार समजत नाही, असं असेल तर मलम चोळत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तो कुष्ठरोग असू शकतो. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, प्रकाराप्रमाणे 6 किंवा 12 महिन्यांत उपचार पुरे होतात आणि माणूस बरा होतो. वेळेत गेलात तर हातापायाला व्यंगही येत नाही. सुनेच्या, मुलीच्या अंगावर असा चट्टा दिसला तर तिला गप्प करू नका, तिच्यासोबत जा.

आता घरोघरी माहीत असलेलं आणि चारचौघांत कुणी बोलत नाही असं ठिगळ. मार्च आला की सोसायटीचं नवं-जुनं करायचं असतं. मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला व्याज पडत नाही, ही सवलत चांगलीच आहे. पण भरायला हातात पैसा नसतो. मग आठ-पंधरा दिवसांसाठी कुणाकडून तरी उचलायचं, सोसायटीत भरायचं, नवं कर्ज मिळालं की त्याचं फेडायचं. नवं कर्ज लांबलं की सावकाराचं व्याज चढतं. मग दागिने गहाण, मग बायकोच्या बचत गटातून, मग मुलाच्या नावावर ट्रॅक्टरच्या फायनान्समधून. कागदावर खातं नियमित दिसतं आणि घर आतून विरत जातं. सगळं घर जाण्यापेक्षा एखादं वर्ष थकबाकीदार म्हणवून घेणं परवडतं, हे मी ठामपणे सांगतो.

हे ठिगळ लावण्याआधी एका कागदावर सगळी देणी लिहून काढा, आणि ती घरातल्या बाईसमोर लिहा. तिला माहीत नसलेलं देणं फार काळ लपत नाही. आपत्तीत पिकाचं 33 टक्के किंवा जास्त नुकसान ठरलं असेल तर कर्जाचं पुनर्गठन मागता येतं. ते लेखी मागा आणि पोच घ्या. सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी चक्रवाढ व्याज लावता येत नाही. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत ते सिद्ध झालं तर जमीन परत मिळू शकते. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात अर्ज कसा करायचा ते विचारा.

मार्चची वाट बघू नका. जानेवारीतच सोसायटीच्या सचिवाला आणि बँकेच्या अधिकाऱ्याला भेटा, देण्यांचा कागद सोबत न्या, आणि एकट्यानं जायची लाज वाटत असेल तर भावकीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या.