शाळा उघडायच्या आत एवढं ठरवा
धाराशिव जिल्ह्यातील पालक, शिक्षक आणि गावकऱ्यांना आवाहन

उमरग्यापासून परंड्यापर्यंत आपल्या घराघरांत एक नवा कारकून तयार झालाय. तो सहावी-सातवीत शिकतो. पीकविम्याची मुदत कधीपर्यंत, सौरपंपाचा अर्ज कुठं भरायचा, तुळजापूरच्या नवोदयचा फॉर्म कुठं मिळतो, हे वडील त्यालाच विचारतात. तो वडिलांच्याच मोबाइलवर दोन शब्द टाकतो आणि वरती पहिलं जे दिसेल ते दाबतो. ती पहिली ओळ तिथं कशी आली, हे त्याला आपण कुणीच सांगितलेलं नाही.

गूगलच्या यादीत माथ्यावरची जागा पुष्कळदा विकत घेतलेली असते. शोधलेल्या शब्दावर लिलाव होतो, जाहिरातदार बोली लावतात, आणि आपण बोट टेकवलं की गूगलला पैसे मिळतात. खूण म्हणून ‘प्रायोजित’ एवढा एक शब्द तिथं असतो. घाईतल्या पोराला तो दिसत नाही. मोठ्यांना तरी कुठं दिसतो म्हणा! सौरपंपाच्या कुसुम योजनेच्या नावानं बनावट वेबसाइट काढून शेतकऱ्यांकडून नोंदणीचे पैसे उकळले जातात, असे इशारे केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार द्यावे लागले आहेत. नवोदयचा प्रवेशअर्ज फुकट भरता येतो, हेही कित्येक घरांत माहीत नसतं.

एसटीच्या रस्त्यालगत घरांच्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. ती भिंत सरपंचाला जशी दिसते तशीच सालगड्याला दिसते. मोबाइलची भिंत माणूस पाहून रंग बदलते. काल काय शोधलं, कुठला व्हिडिओ किती वेळ पाहिला, फोन कोणत्या गावात आहे, यावर आज काय दाखवायचं ते ठरतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. कायदा चांगला आहे, पण आपल्याकडे मोबाइल घरात एकच आणि खातं वडिलांचं. कंपनीच्या लेखी तिथं बसलेला माणूस चाळिशीचा शेतकरी असतो. मग झटपट कर्जाची जाहिरात दहा वर्षांच्या पोरासमोर येते आणि कायद्याला ते पोर दिसतच नाही. म्हणूनच ही राखण घरानं आणि शाळेनं करायची आहे.

मोबाइल काढून घ्या, असं कुणी म्हणेल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्याचं कौतुक देशभर झालं, आणि ते रास्तच होतं. पण साडेआठनंतर मोबाइल पुन्हा हातात येतोच. त्यानंतरच्या वेळेचं काय करायचं, ते आपण ठरवायला हवं.

आमची मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत आता ‘आनंददायी शनिवार’ असतो. शाळा उघडल्यावरचे पहिले काही शनिवार मोबाइलवरची माहिती पारखायला शिकवण्यासाठी द्या. संगणकाची खोली लागत नाही. वर्गात दोन-तीन पालकांचे मोबाइल पुरतात.

विषय मुलांच्या शिवारातलाच घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘एमएयूएस 612’ हे सोयाबीनचं वाण मुलांना शोधायला सांगा. विद्यापीठ काय सांगतं, बियाणं विकणारा काय सांगतो आणि यूट्यूबवरचा ‘प्रगतशील शेतकरी’ काय सांगतो, ते फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. मग विचारा: हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि आपण विश्वास ठेवला तर पैसे कुणाला मिळतात? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग हमखास जागा होतो. दुसराही हलका समजू नका. पीकविम्याची गेल्या वर्षीची तारीख यंदाची म्हणून गावभर फिरायला एक पोर पुरतं.

पुढच्या शनिवारी जाहिरातीच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून ‘ही जाहिरात मला का दिसतेय’ ते वाचायला लावा. घरातून बोर्नव्हिटाचा किंवा तसल्याच कुठल्याही पुडीचा रिकामा कागद आणायला सांगा. पुढची मोठी अक्षरं आणि मागचा साखरेचा आकडा दोन्ही वाचू द्या. अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्री कंपन्यांना कळवलं होतं, हेही सांगा.

पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर जागा सरकारी, हा नियम मुलांना पाठ करून द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. महावितरणचा पत्ता तसा संपत नाही, बालभारतीच्या ई-पुस्तकांचाही नाही, तरी दोन्ही खरे आहेत. असे पत्ते शाळेनं स्वतः तपासून फळ्याच्या कडेला लिहून ठेवावेत. आणि मराठी विश्वकोश घरबसल्या फुकट वाचता येतो, हे तर पहिल्याच दिवशी सांगा. प्रकल्पासाठी पहिलं पान जसंच्या तसं उतरवणारं पोर दोन पानं ताडून पाहायला लागलं, तरी खूप झालं.

एकट्या गुरुजींवर हे टाकू नका. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी मुलं, एमएस-सीआयटी शिकवणारे, पुण्याहून सुट्टीला आलेले माजी विद्यार्थी, गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, यांतल्या प्रत्येकानं एक शनिवार घ्यावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत नावं आणि तारखा लिहून घ्या. मृगाचा पाऊस पडला की कुणालाच सवड नसते, तेव्हा हे आत्ताच करा.

पालकांना आणखी एक सांगायचंय. पोराच्या हातून पैसे गेलेच तर त्याला मारू नका. मार बसला की ते पुढच्या वेळी लपवतं, आणि असल्या फसवणुकीत गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. फसव्या जाहिरातीची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. फोन लावताना पोराला शेजारी बसवा, म्हणजे काय झालं ते त्यालाच सांगू द्या.