संशोधनाची मदत नफ्यापुरतीच?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सरचे भाग घडवणाऱ्या लहान कारखान्यांपुढचे संकट उघड आहे. विजेवरच्या गाडीला यातले काहीच लागत नाही. मागणी आटण्याआधी नवे उत्पादन उभे करणे, एवढाच मार्ग त्यांना उरतो. आणि नेमक्या याच वळणावर सरकारी धोरण त्यांना वाऱ्यावर सोडते.

मान्यताप्राप्त संशोधनावर कंपनीने १०० रुपये खर्चले, तर प्राप्तिकरात २०० रुपयांची वजावट मिळत असे. २०१७-१८ पासून ती १५० वर आली, २०२०-२१ पासून १०० वर. जादा सवलत संपली. पण ती भरात होती तेव्हाही तोट्यातल्या कंपनीच्या हाती त्या वर्षी काही पडत नव्हते. नफाच नाही, तर वजावट कशातून? धंद्यातला तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो खरा, पण कामगारांचा पगार याच महिन्यात द्यायचा असतो. मग पहिली कात्री लागते ती संशोधनाला, आणि कंपनी जुन्याच मालासह आणखी खोल रुतते.

बँकेचे दारही बंद. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर नव्या प्रयोगासाठी कर्ज मागायचे कोणत्या तोंडाने? केंद्राने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या १ लाख कोटींच्या संशोधन निधीचे स्वागतच आहे. मात्र त्याचा भर स्वस्त, दीर्घ मुदतीच्या कर्जांवर आणि भागभांडवलावर आहे, तोही तंत्रज्ञान काही टप्पे ओलांडून पुढे आल्यावर. पहिल्या नमुन्यासाठीच धडपडणारा कारखानदार तिथवर पोहोचणार कसा?

फ्रान्सने हा पेच ओळखला. तिथे संशोधनावरची करसवलत करातून वळती होत नसेल, तर लहान कंपन्यांना ती रोखीने लगेच परत मिळू शकते. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतल्या कंपन्यांनाही. अशा सवलतीत बनावट दावे घुसतात, हा आक्षेप रास्त आहे. पण दावे तपासण्यासाठी केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडे कंपन्यांच्या प्रयोगशाळांना मान्यता देण्याची व्यवस्था आधीपासून आहे.

देशाचा संशोधनखर्च सकल उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के असताना अडचणीतल्या उद्योगांची प्रयोगशीलता मरू देणे आत्मघातकी आहे. येत्या अर्थसंकल्पात लहान, तोट्यातल्या उत्पादकांसाठी रोख परताव्याची तरतूद व्हायलाच हवी. इंजिनाच्या ऑर्डरी पूर्ण आटल्यावर ती आली, तर घ्यायला कारखाने उरणार नाहीत.