पहिल्याच सत्रात 22 क्रेडिटची सक्ती कशासाठी?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

प्रवेश सुरू झाले आणि पुन्हा तेच. पहिले सत्र, 22 क्रेडिट. यातले थोडे पुढे ढकलता येतील का, असे मावळातल्या मुलांनी खिडकीवर विचारले की उत्तर मिळते, तशी सोय नाही. मागच्या वर्षी अर्ज दिले होते. त्यांची पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून आता जाहीर लिहितो आहे.

20 एप्रिल 2023 चा शासन निर्णय आपल्याच विभागाचा. सत्राला 20 ते 22 क्रेडिट, वर्षाला 40 ते 44, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132. एवढीशी जी जागा त्यात ठेवली होती, तीसुद्धा विद्यार्थ्याच्या हाती आली नाही. आमच्याकडे आराखडाच 22 चा आहे.

हे 22 म्हणजे किती, ते पाहा. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका क्रेडिटमागे 30 तास धरले आहेत; वर्ग, प्रात्यक्षिक, घरचा अभ्यास सगळे मिळून. 22 चे झाले 660 तास. सत्र 15 आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला 44 तास. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने 48 तासांची मर्यादा आहे. विज्ञान शाखेत 22 पैकी 6 क्रेडिट प्रात्यक्षिकांचे असतील, तर घरी पुस्तक उघडण्याआधीच आठवड्याचे 28 तास कॉलेजात जातात. शिवाय 75 टक्के हजेरीची अट आहेच. येण्याजाण्याचा वेळ यात कुठेही धरलेला नाही.

आता नाणे मावळातली मुलगी डोळ्यांसमोर आणा. गावातून एसटीने कामशेत, तिथून लोकल. संध्याकाळची एसटी चुकली तर घरी पोचायचे कसे, हा प्रश्न रोजचा. पहिले सत्र सुरू होते ते भातलावणीच्या तोंडावर. इंद्रायणी भाताची लावणी कॉलेजच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही, मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. तिकडे लोणावळ्यात त्याच पावसात पर्यटकांची झुंबड उडते. हॉटेलांत, चिक्कीच्या दुकानांत शनिवार-रविवारचे काम मिळते ते याच महिन्यांत, आणि त्याच पैशांतून कितीतरी मुलांची फी आणि पास निघतो. लावणी, हंगाम आणि 22 क्रेडिट एकदमच अंगावर येतात. चार विषय राहतात. पुढच्या सत्रात तेच चार, वर नवे 22. दिवाळीनंतर मूल वर्गात दिसेनासे होते आणि दोष त्याच्या हुशारीवर जातो. हे मी आमच्या गल्लीत पाहिले आहे, मंत्रिमहोदय. ती मुले ढ नव्हती.

पहिल्या दोन सत्रांत 16-16 क्रेडिट घेतले तर आठवड्याचा भार 44 वरून 32 तासांवर येतो. मागे राहतात 12 क्रेडिट. एका जादा सत्रात ते आरामात बसतात. सहा महिने उशिरा मिळालेली पदवी आम्हाला चालेल. अर्धवट सुटलेले कॉलेज चालणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2025 च्या विनियमांत विस्तारित पदवीची सोय आहे, हे सांगू नका. ती आम्ही वाचली आहे. सत्रात कमी क्रेडिट, मुदत जास्तीत जास्त दोन सत्रांनी वाढणार. पण निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, तीही समितीच्या तपासणीनंतर. ज्या सत्रात मुले कोलमडतात, नेमके तेच सत्र वगळून सवलत देण्यात काय अर्थ आहे? 2021 च्या नियमांनी श्रेयांक पेढी उघडली, तीत जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत ग्राह्य. सात वर्षे थांबायची तयारी आहे, मग पहिले सहा महिने भार हलका करायला हरकत कोणाची?

प्रवेश अर्जावरच 16 क्रेडिटचा पर्याय छापा. फी क्रेडिटच्या हिशेबाने घ्या. कमी क्रेडिट घेतले म्हणून शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा पासाची सवलत बंद होणार नाही, जादा सत्रातही ती चालू राहील, हे शासन निर्णयात लिहा. नाहीतर ज्यांना गरज आहे तीच मुले घाबरून पुन्हा 22 वर सही करतील. आणि त्या सहीआधी घरची परिस्थिती विचारणारा एक प्राध्यापक प्रत्येक कॉलेजात नेमा.

पुढच्या जूनच्या आत हे करा. होणार नसेल, तर का होणार नाही ते लेखी कळवा.

एक पालक,
कामशेत, ता. मावळ, जि. पुणे