तुमच्या नळाचं गाव कोणतं?

परवा कँटीनमध्ये टेबलावर एक प्रश्न टाकला. ‘बॉस, आपल्या घरच्या नळाला पाणी येतं कुठून?’ आम्ही सात जण होतो. तिघं म्हणाले, ‘टाकीतून.’ एकीने सांगितलं, ‘आमच्याकडे टँकरमधून.’ एकजण ‘खडकवासला’ म्हणाला. उत्तर बरोबर होतं, पण ते त्याला माहीत होतं दर पावसाळ्यात तिथे कांदाभजी खायला जातो म्हणून! एकाने मोबाइल काढून सर्च मारायला घेतलं. उरलेला एक जण शांतपणे डबा खात होता. तो म्हणाला, ‘आमच्या गावाकडे चणकापूरचं. सोमवारी सुटलंय. काल रात्री लोहोणेरच्या पुलाखालून गेलं.’

आपण फ्लाइटचं स्टेटस सांगतो ना, त्या सुरात! पुण्यात आठ वर्षं काढलेला, टेस्टिंग टीममधला, चांगल्या पॅकेजवरचा हा पोरगा नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याचा. त्याला तीनशे किलोमीटरवरून माहीत होतं की, गावचं पाणी आत्ता कुठल्या पुलाखाली आहे. आणि आम्हाला आमच्या वॉशबेसिनमधल्या पाण्याचं गाव माहीत नव्हतं.

त्याच्याकडून त्या दिवशी जे ऐकलं आणि नंतर स्वतः खणून काढलं, ते आज तुमच्यासाठी.

देवळा १९९९मध्ये वेगळा तालुका झाला. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा यांची पहिली अक्षरं जोडून तिकडे लोक सगळ्या पट्ट्यालाच ‘कसमादे’ म्हणतात. आपल्या पावभाजीतला न् मिसळीवरचा कांदा बऱ्याचदा इकडचाच असतो. या पट्ट्याची जीवनवाहिनी म्हणजे गिरणा नदी. आणि गिरणेवर, वर कळवण तालुक्यात, इंग्रजांच्या काळातलं चणकापूर धरण आहे.

आता गंमत बघा. खाली मालेगाव आहे. यंत्रमागांचं, दाट वस्तीचं, चार लाखांहून जास्त लोकांचं शहर. त्याला गिरणा धरणाचं पाणी मिळतं आणि चणकापूरचंही. चणकापूरपासून मालेगावपर्यंत अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर. एवढ्या लांब पाणी जातं कसं? तर बराचसा रस्ता नदीतूनच. धरणाचे दरवाजे उघडतात, पाणी कोरड्या पात्रात सुटतं, वाटेतल्या गावांच्या पाणीयोजनांच्या विहिरी भरत भरत पुढे सरकतं, आणि मग कालव्याने मालेगावच्या तळवाडे साठवण तलावात जाऊन पडतं. या सोडण्याला म्हणतात आवर्तन. उन्हाळ्यात कसमादेत या शब्दाला जो भाव असतो, तो आपल्याकडे ‘अप्रायझल’ला असतो.

माझा साधा प्रश्न होता की, रोज थोडं थोडं का सोडत नाहीत? मित्र हसला. म्हणाला, ‘वाळू आधी पिते.’ तापलेल्या पात्रात पहिलं पाणी मुरतंच. थोडं सोडलं तर सगळं वाळूच पिणार, शेवटच्या गावाला नुसता ओलावा. त्यामुळे सोडायचं तर जोरात, एका दमात, मोजून काही दिवस. आणि मग पुढच्या आवर्तनापर्यंत थांबायचं. म्हणजे नदी ही पाइपलाइनच, फक्त तिला लाखो भोकं.

त्यातली सगळ्यात मोठी भोकं माणसांची. दोन्ही काठांवर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. पिण्याचं आवर्तन सुटलं की पाणी शेतात उचललं जाऊ नये म्हणून नदीकाठच्या शेतीपंपांची वीज बंद ठेवतात. कर्मचारी काठाने गस्त घालतात. तरीही कुणी रात्री मोटार टाकतं, कालव्यावर कुणी डोंगळे लावतं (डोंगळा म्हणजे कालव्यात चोरून सोडलेला पाइप), त्यावरून भांडणं होतात. सगळे साधुसंत नाहीत. पण बहुतेक जण मोटार बंद ठेवतात, हेही तितकंच खरं.

आता त्या बंद मोटारीचा अर्थ समजून घेऊ. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावतात. काढणी मार्च-एप्रिलकडे. काढणीआधीची शेवटची दोन पाणी मिळाली तर कांदा पोसतो, चाळीत टिकतो. नाही मिळाली तर गोल्टी. म्हणजे लिंबाएवढा कांदा, भाव निम्म्याच्याही खाली. आणि नेमक्या याच दिवसांत बांधावरून मालेगावचं पाणी खळाळत जात असतं. मित्र म्हणाला, ‘आबा काठावर उभे राहून बघतात फक्त. म्हणतात, पिणाऱ्याच्या तोंडचं कसं काढायचं?’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शहराला पाणी ‘मिळतं’ असं आपण म्हणतो. कसमादेत ते कुणीतरी ‘जाऊ देतं’, म्हणून मिळतं.

तालुक्याची दुसरी बाजूही आहे. नदीपासून दूर, पूर्वेकडे उमराणे-मेशीच्या पट्ट्यात गिरणेचा आवाजही पोचत नाही. तिथे उन्हाळ्यात टँकर हा घरातल्यासारखाच. चणकापूरच्या उजव्या वाढीव कालव्याचं पाणी आपल्याकडे नीट पोचावं, ही तिथली वर्षानुवर्षांची मागणी. काठावरच्यांना पाणी दिसतं पण घेता येत नाही, लांबच्यांना दिसतही नाही. आणि हेही लक्षात घ्या की कसमादेतलं प्रत्येक गाव दुसऱ्या गावाचं पाणी पीत असतं. सटाणा शहराने पुनद धरणातून थेट पाइपलाइन आणायची ठरवली, तेव्हा कळवण तालुक्यात तिला जोरदार विरोध झाला होता. दोन्हीकडचे लोक आपल्या जागी बरोबरच होते. पाण्याच्या भांडणात हीच तर पंचाईत असते.

‘ओके, पण हे सगळं तिकडचं. माझा काय संबंध?’ असं म्हणणारे हात वर करा. आता पुण्याचं ऐका.

चणकापूरची साठवण २४२७ दशलक्ष घनफूट. म्हणजे जेमतेम अडीच टीएमसी. लिटरमध्ये करायचं तर सहा हजार आठशे कोटींच्या आसपास. पुणं महापालिका रोज दीडशे कोटी लिटरच्या वर पाणी उचलते. म्हणजे अख्खं चणकापूर उचलून पुण्याला दिलं तर आपण ते फार तर दीड महिन्यात संपवू. आपल्याकडे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं मिळून एकोणतीस टीएमसी आहेत, म्हणून आपल्याला आवर्तन हा शब्द शिकावा लागलेला नाही.

पण तो शब्द आपल्यासाठीही आहे. खडकवासल्यातून एक कालवा निघतो. हडपसरमार्गे पुढे दौंड, इंदापूरकडे जातो. तिथल्या उसाचं, भाजीपाल्याचं, आणि गावांच्या पिण्याचं पाणी याच धरणांमधून येतं. शहराने मंजुरीपेक्षा जास्त पाणी उचललं यावरून महापालिका आणि पाटबंधारे खातं यांची जुंपते, ती बातमी आपण स्पोर्ट्स पेजकडे जाताना ओलांडतो. कालवा समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तन एक द्यायचं की दोन, हे ठरतं ते शहराची गरज बाजूला काढल्यावर जे उरतं त्यावर. मालेगावच्या वरच्या अंगाला देवळा आहे, आपल्या खालच्या अंगाला इंदापूर. मोटार बंद ठेवणारा आबा तिथेही आहे. फक्त आपली त्याची ओळख नाही.

आणि सरकारी नियमच बघा. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा देशातला ठरलेला निकष. २०१९मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. म्हणजे कागदावरच एक शहरी माणूस जवळजवळ अडीच खेडुतांएवढा तहानलेला! आपल्याकडे फ्लश आहे, ड्रेनेज वाहतं ठेवायला पाणी लागतं, हे मान्य. पण मग १३५ मध्ये तरी भागतं का? जुन्या पद्धतीच्या फ्लशची टाकी एका वेळेला दहा-बारा लिटर सोडते. साध्या शॉवरखाली मिनिटाला दहा लिटर जातात. गाण्याच्या मूडमध्ये बारा मिनिटं उभे राहिलात की १२० लिटर तिथेच खलास. दात घासायचेही बाकी आहेत.

मी उपदेशाच्या मूडमध्ये नाही. ‘जल है तो जीवन है’चं स्टिकर लिफ्टमध्ये लावून कुणी कधी नळ बंद केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. माझं म्हणणं एवढंच की, आपण पाणी उधळतो ते वाईट आहोत म्हणून नाही. आपल्याला ते दिसत नाही म्हणून. देवळ्याच्या माणसाला पाण्याची तारीख माहीत असते, माप माहीत असतं, आणि आपल्या नंतर कोण आहे तेही माहीत असतं. आपल्याला या तिन्हींपैकी एकही माहीत नसतं.

आपल्या सोसायट्यांचंच घ्या. पाण्याचा आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये फ्लॅटवारी सारखा वाटलेला असतो. एकटा राहून सकाळी आठला बाहेर पडणारा तू आणि घरात सहा माणसं, रोज पाइपने गाडी धुणारे तुझे शेजारी, दोघांना बिल एकच. मग वाचवायचं कुणी आणि कशाला? बफेमध्ये पैसे भरल्यावर कुणी कमी खातं का?

यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. कराडजवळच्या मलकापूरने तो २००९च्या सुमाराला करून दाखवला. छोटं गाव, तेव्हाची नगरपंचायत. त्यांनी घरोघर मीटर बसवले, जास्त वापराला चढते दर लावले, आणि चोवीस तास पाणी दिलं. ऐकायला उलटं वाटतं. चोवीस तास दिलं तर लोक जास्त नाही का वापरणार? पण पाणी कधीही येणार म्हटल्यावर पिंप, हंडे, घागरी भरून ठेवायची गरज संपली. आणि कालचं ‘शिळं’ म्हणून सकाळी मोरीत ओतलं जाणारं पाणीही वाचलं.

महापालिकेची जबाबदारी यातून सुटत नाही, हेही सांगून टाकतो. केंद्र सरकारने २००८मध्ये शहरांसाठी मापदंड ठरवले, त्यात हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत हवं असं म्हटलंय. आपल्या बहुतेक मोठ्या शहरांना ते जमलेलं नाही. गळक्या जुन्या लाइनी, चोरीची कनेक्शनं, बंद मीटर. तुमच्या-माझ्या शॉवरपेक्षा हे भोक मोठं आहे. पण रस्त्यावर फुटलेल्या पाइपचा फोटो काढून फॉरवर्ड करणारे आपण, तक्रार नोंदवून तिचा नंबर घेणारे किती जण असतो?

तर या आठवड्यापुरता एक प्रयोग करू. नाव ठेवू ‘घरचं आवर्तन’.

पहिला दिवस: तुमच्या नळाचं गाव शोधा. कुठलं धरण, कुठली नदी, आणि त्याच धरणावर तुमच्यानंतर कोण अवलंबून आहे. टँकरचं पाणी असेल तर त्याला विचारा, कुठल्या विहिरीतून भरतोस? वाघोली-उंड्रीकडच्या मंडळींनी तर नक्कीच.

दुसरा दिवस: मोजा. मीटर असेल तर रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर आकडा लिहा. रात्रभर कुणी वापरलं नाही आणि तरी आकडा हलला, तर घरात कुठेतरी गळतंय. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला पंधरा-वीस लिटर घालवतो, म्हणजे एका माणसाची आंघोळ.

तिसरा दिवस: आंघोळ बादलीने. अठरा-वीस लिटरमध्ये काम होतं, आपले आजी-आजोबा आयुष्यभर करत आले. शॉवर हवाच असेल तर साबण लावताना बंद.

चौथा दिवस: आरओ प्युरिफायरचा सांडपाण्याचा पाइप बादलीत सोडा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे बऱ्याच मशीन दोन-तीन लिटर फेकतात. ते पिऊ नका, झाडांनाही रोज नको, पण फरशी पुसायला, फ्लशमध्ये टाकायला झकास.

पाचवा दिवस: बेसिन आणि किचनच्या नळाला एरेटर लावा, म्हणजे ती बारीक जाळी. एका पिझ्झाच्या पैशात घरातले सगळे नळ होतात. प्लंबर नसला तरी चालतं, हाताने फिरवून बसते.

वीकएंड: सोसायटीच्या मीटिंगला जा. हो, तीच बोअर मीटिंग. पार्किंगचं भांडण संपलं की एकच विषय मांडा. फ्लॅटवारी पाणीमीटर. लोक तुम्हाला वेड्यात काढतील. काढू देत. पुढच्या मीटिंगला परत मांडा.

आणि हे सगळं करताना कंटाळा आला, तर या एप्रिलमध्ये कांदा चिरताना तो हातात जरा तोलून बघा. भरदार, मुठीत न मावणारा असेल, तर समजा त्याला शेवटची दोन पाणी मिळाली. गोल्टी असेल, तर कुणीतरी काठावर मोटार बंद करून बसला होता.