मांजरीची वार, मूलपेशी आणि पुराव्याची गरज

मांजर व्यायली की पिल्लामागोमाग पडणारी वार ती बहुधा स्वतःच खाऊन टाकते. माणसाच्या बाळंतपणात वार आणि नाळ यांची रवानगी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत होते. दोन्हीकडे काम संपलेला, टाकाऊ भाग! पण गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांचे लक्ष नेमके याच भागाकडे वळले आहे. वार, नाळ आणि गर्भाभोवतीचे पातळ वेष्टन यांत मूलपेशी सापडतात. त्या प्रयोगशाळेत वाढवून आजारी जनावरांना देण्याचे प्रयोग सुरू आहेत, आणि त्यांत मांजरेही आहेत.

शहरांत मांजर आता उंदीर मारण्यापुरते राहिलेले नाही. ते घरातले माणूस झाले आहे. त्याचे आयुष्य वाढले, तसे म्हातारपणीचे आजारही आले. ‘मूलपेशींनी बरे होईल’ ही जाहिरात वाचून खिशात हात घालणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. म्हणूनच या पेशी काय करतात आणि काय करत नाहीत, हे समजून घ्यायला हवे.

नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा मऊ पदार्थ असतो. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो ‘व्हार्टन्स जेली’. त्यात आणि गर्भवेष्टनात ‘मेसेनकायमल’ जातीच्या पेशी असतात. अशाच पेशी अस्थिमज्जेत आणि चरबीतही मिळतात. मग वारेचे कौतुक कशासाठी? एक तर त्या पेशी वयाने कोवळ्या असतात आणि प्रयोगशाळेत जोमाने वाढतात. दुसरे, त्या मिळवण्यासाठी निरोगी जनावरावर वेगळी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. मांजरीच्या प्रत्येक पिल्लाची वार स्वतंत्र असते. त्यामुळे एका वेतातूनही बरीच सामग्री हाती येते.

यातली एक गोष्ट मात्र जाहिरातीत सहसा सांगितली जात नाही. बारा वर्षांच्या मांजराची स्वतःची वार कोणी जपून ठेवलेली नसते. म्हणजे वारेतल्या पेशी नेहमी दुसऱ्या मांजराच्या असणार, आणि दाता आला की त्याच्याकडून येणाऱ्या जंतूंचा प्रश्नही आला.

या पेशींविषयी एक समजूत फार पसरली आहे. पेशी शिरेतून सोडल्या की त्या मूत्रपिंडात जाऊन नवे मूत्रपिंड तयार करतात, अशी ती समजूत. तसे घडत नाही. शिरेतून दिलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नष्ट होतात. त्याआधी त्या काही रसायने सोडतात, आणि त्यामुळे भडकलेली प्रतिकारशक्ती शांत होते. ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये रूढ करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅपलन यांनीच २०१७ मध्ये ते बदलावे, असे लिहिले. या पेशी अवयव घडवत नाहीत, औषधी संदेश देतात, हा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य केला की मांजरांवरच्या प्रयोगांचे उलटसुलट निकाल समजू लागतात.

पहिला आजार तोंडाचा. काही मांजरांच्या हिरड्या आणि घशाजवळचा भाग कायम लालभडक सुजलेला असतो. लाळ गळते, तोंडाला घाण वास येतो. भूक असते, मांजर ताटलीपाशी जाते आणि पहिल्याच घासाला ओरडून मागे सरते. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे सगळे किंवा जवळजवळ सगळे दात काढणे. तरीही काही मांजरे बरी होत नाहीत. अशाच मांजरांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी प्रयोग केला. त्यांनी पेशी मांजरांच्या स्वतःच्या चरबीतून घेतल्या आणि महिन्याच्या अंतराने दोनदा, दर वेळी दोन कोटी पेशी शिरेतून दिल्या. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार सातपैकी पाच मांजरांना फायदा झाला. त्यांतली तीन पूर्ण बरी झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या मांजरांच्या पेशी वापरून प्रयोग झाला, तेव्हा सातपैकी चार मांजरे सुधारली. आकडे लहान आहेत, पण इतर उपाय थकलेल्या मांजरांत एवढा गुण येणे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. हा आजार प्रतिकारशक्ती भडकल्याचा आहे, त्यामुळे या पेशींचा तिथे उपयोग व्हावा हे तर्कालाही धरून आहे.

दुसरा आजार मूत्रपिंडाचा. म्हाताऱ्या मांजरांत तो फार आढळतो. ब्राझीलमधील संशोधकांनी मांजरीच्या गर्भवेष्टनातून काढलेल्या पेशी मूत्रपिंड बिघडलेल्या नऊ मांजरांना दिल्या. २०१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार क्रिएटिनिन उतरले आणि लघवीतून जाणारी प्रथिने कमी झाली. वारेशी संबंधित पेशींच्या बाजूने ही बातमी चांगली आहे. मात्र मूत्रपिंडाची रचना होती तशीच राहिली.

इथे क्रिएटिनिनचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. सलाइन दिले तरी ते उतरते. मांजर रोडावून स्नायू झिजले तरीही ते कमी दिसते. म्हणून पेशी दिलेला गट आणि तसेच दिसणारे, पण पेशीविरहित इंजेक्शन दिलेला गट अशी तुलना आवश्यक ठरते. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी ती केली. मांजरे आठच होती आणि पेशी चरबीतल्या होत्या. २०१६ मध्ये आलेल्या त्या अहवालात त्रास झाल्याचे दिसले नाही, पण म्हणण्याजोगी सुधारणाही दिसली नाही. याच संशोधकांच्या आधीच्या एका प्रयोगात गोठवून साठवलेल्या पेशी मोठ्या प्रमाणात दिल्यावर काही मांजरांना ओकाऱ्या झाल्या आणि श्वास जलद झाला होता. झिजलेल्या मूत्रपिंडाच्या जागी जखमेच्या वणासारखा तंतुमय भाग तयार झालेला असतो. तिथे संदेश देऊन फारसे काही साधत नसावे.

शुद्धतेचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. मांजरांत ‘फोमी’ नावाचा विषाणू सर्रास आढळतो. मांजराला त्याचा सहसा त्रास नसतो, पण प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशी तो बिघडवतो. ल्युकेमियाचा आणि प्रतिकारशक्ती खच्ची करणारा असे आणखी दोन विषाणूही दात्यात तपासावे लागतात. माणसांत निष्काळजीपणाची किंमत मोजून झाली आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेली इंजेक्शने घेतलेल्या बारा जणांना जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले.

यामुळेच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये प्राण्यांसाठीच्या पेशी-उत्पादनांना औषधाचेच नियम लागू असल्याचे स्पष्ट केले. युरोपने २०१९ मध्ये घोड्याच्या नाळेपासून बनवलेल्या पेशींना घोड्यांच्या सांधेदुखीसाठी मान्यता दिली. २०२२ मध्ये घोड्याच्याच नाळेतल्या पेशी कुत्र्यांच्या सांध्यांसाठी मंजूर झाल्या. म्हणजे जन्मावेळच्या ऊतींपासून औषध बनू शकते. मात्र त्यासाठी एक आजार ठरवून, चाचण्या करून, कारखान्यातली शुद्धता दाखवून द्यावी लागते. मांजराच्या वारेला हा रस्ता अजून चालायचा आहे.

तोवर मांजर पाळणाऱ्यांनी पशुवैद्यांना तीन प्रश्न विचारावेत. या पेशींचा उपयोग नेमक्या याच आजारात, तुलनेसह तपासला गेला आहे का? पेशी कोणत्या ऊतीतून आल्या आणि दात्याची कोणती तपासणी झाली? हा प्रयोग असेल, तर त्याचे शुल्क का आणि नोंद कुठे ठेवली जाते? मूत्रपिंडाच्या आजारात योग्य आहार, भरपूर पाणी आणि रक्तदाबावर नियंत्रण यांनी मांजराचे दिवस चांगले जातात. मूलपेशींच्या आशेवर ते सोडू नये.

हे प्रश्न मांजरापुरते नाहीत. नाळेच्या रक्तातील मूलपेशींचे पहिले प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसमध्ये झाले आणि रक्ताच्या काही आजारांत ते आजही प्राण वाचवते. त्या यशाचे बोट धरून इतर कितीतरी आजारांसाठी मूलपेशी विकल्या जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडचा मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा असतो. अशा चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले गेले, तर तिथेच थांबावे.