तेलाची वाटी

गेल्या नरकचतुर्दशीची पहाट. तिळाचं तेल कोमट केलं, उटणं दुधात कालवलं, पाटाभोवती रांगोळी काढली नि चिरंजीवांना हाक मारली. चंदन, वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा, सारं घरीच कुटलं होतं. तेरा वर्षांचा घोडा डोळे चोळीत आला, माझ्या हातून वाटी घेतली नि म्हणाला, "आई, माझं मी लावीन." अन् न्हाणीघराची कडी आतून लागली!

खोटं कशाला सांगू? डोळ्यांत पाणीच आलं. वर्षातून एकदा का होईना, ती पाठ माझ्या हाताखाली यायची. किती रुंदावली, ते मला त्या पहाटेच कळायचं.

सासूबाई देवघरातून हसल्या. "अगं, ह्याच वयात तुझ्या नवऱ्यानंही अशीच कडी लावली होती. मीही अशीच दाराबाहेर उभी!"

एवढ्यात कडी वाजली. "आई, पाठीला हात पोचत नाही गं."

मी निमूट पाठ चोळून दिली नि बाहेर आले. आंघोळ झाल्यावर स्वारीनं तुळशीपुढे डाव्या अंगठ्यानं कारीट फोडलं, रस जिभेला लावला नि तोंड असं वाकडं केलं, की चार वर्षांचा होता तेव्हा करायचा अगदी तस्सं!

यंदा वाटी मीच आधी त्याच्या हाती देणार आहे. पाठीपुरती हाक येईपर्यंत दाराबाहेर थांबायचं, एवढं मी आता शिकले आहे.