सत्तेचाळीसचे पान

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझे बरेचसे दुर्गुण एव्हाना ठाऊक झाले आहेत. एक मात्र मी आजवर लपवून ठेवला होता. मी जुनी नाणी जमवितो. एवढ्यावर भागले असते तर लपविण्याचे कारण नव्हते. शिवराया जमविणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक आदराने पाहतात, गणेशोत्सवात त्याला व्याख्यानाला बोलावतात. पण मी जमवितो ती नाणी कॅनडाची! "कॅनडाची का हो?" असे विचारताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तोच उत्तरपत्रिका तपासताना माझ्या चेहऱ्यावर उमटत असावा.

या प्रकरणाचे मूळ आमचा दादा. वीस वर्षांपूर्वी तो टोरांटोला गेला. पहिल्या खेपेला परत आला तेव्हा खिशातली सुटी नाणी काढून त्याने आईपुढे ठेवली. आईने ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली, आणि पुढे दर खेपेचा तोच शिरस्ता होऊन बसला. दादा गेला की घर ओके ओके वाटे. मग मी तो डबा काढून बसे. कुठल्या नाण्यावर बीव्हर, कुठल्यावर शिडाचे जहाज, कुठल्यावर सांबरासारखा शिंगाळ कॅरिबू. आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ. पाहता पाहता नाणी वाचण्याची सवय लागली, आणि डब्यात नसलेली जुनी नाणी मी इकडून तिकडून मिळवू लागलो.

लोकांना वाटते, नाणी जमविणे म्हणजे पैसे साठविणे. मुळीच नव्हे! ते पोथ्यांतले पाठभेद शोधण्यासारखे आहे. कॅनडा प्रांताची पहिली नाणी १८५८ साली निघाली. त्यांत वीस सेंटांचे एक होते. शेजारच्या अमेरिकेचे पंचवीस सेंटांचे नाणेही बाजारात असे, आणि दोहोंची गफलत होई. म्हणून १८७० साली कॅनडाने वीसचा नाद सोडून पंचवीसचे नाणे काढले. पुढे १९०८ साली ओटावाला स्वतःची टाकसाळ सुरू झाली. १९११ साली पाचव्या जॉर्जची पहिली नाणी बाहेर पडली, आणि एकच गहजब उडाला. मुखवट्याभोवतीच्या लॅटिन लेखात 'राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट' एवढे होते. पण 'देवाच्या कृपेने' हे शब्द गळाले होते! लोकांनी त्यांना 'निर्देव नाणी' म्हणावयास सुरुवात केली. १९१२ साली देवाला परत आणावे लागले.

गंमत अशी की, त्याच साली त्याच राजाच्या रुपयाने आपल्याकडेही घोटाळा केला. राजाच्या झग्यावरील पदकमाळेत एक हत्ती होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला. रुपये परत घ्यावे लागले, आणि १९१२ साली हत्तीला नीट सोंड आली. दोन्हीकडचे मुखवटे मॅकेनल या एकाच शिल्पकाराचे. एका देशात देव विसरला, दुसऱ्यात हत्ती बिघडला!

पण ज्याच्यासाठी हे सारे पुराण लावले, ते नाणे सत्तेचाळीसचे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपण स्वतंत्र झालो, आणि तिकडे ओटावाच्या टाकसाळीपुढे पेच पडला. सहाव्या जॉर्जभोवती 'इंड. इंप.', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, अशी अक्षरे होती. ती आता काढणे भाग होते. नवे साचे लंडनहून यावयाचे, त्यांना उशीर झाला. १९४८ उजाडले, नाण्यांची मागणी तर थांबेना. तेव्हा टाकसाळीने १९४७ हेच साल घालून नाणी पाडली, आणि सालाशेजारी मॅपलचे एक इवलेसे पान कोरले. हे नाणे अठ्ठेचाळीसचे आहे, बरे का, असे त्या पानाने हळूच सांगावयाचे.

नवे साचे आल्यावर १९४८ च्या नाण्यांवरून हिंदुस्थान गेला. तोवर 'डी. जी.' अशा दोन अक्षरांत आटोपलेली देवाची कृपा मोकळ्या झालेल्या जागेत पूर्ण शब्दांत मावली. त्या सालचे चांदीचे डॉलर अवघे १८,७८० निघाले. ते प्राध्यापकाने सूचिपत्रात पाहावयाचे. पानाचा तांब्याचा सेंट मात्र कोट्यवधींनी निघालेला. त्याला फारशी किंमत नाही.

माझ्याकडचा सेंट दादाने शोधला. कॅनडाने मे २०१२ मध्ये सेंट पाडणे बंद केले, आणि फेब्रुवारी २०१३ पासून त्यांचे वाटपही थांबविले. त्या हिवाळ्यात दादा बँकेतून पन्नास पन्नास सेंटांच्या गुंडाळ्या आणी, आणि कामावरून आल्यावर रात्री एकेक नाणे भिंगाखाली धरून फोनवर मला साल वाचून दाखवी. एके दिवशी म्हणाला, "अरे, हे सत्तेचाळीस आहे. पण पुढे काहीतरी घाण चिकटली आहे."

"खरवडू नकोस!" मी एवढ्याने ओरडलो की आई देवघरातून बाहेर आली.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे आजीचे राजाछाप रुपये ठेवण्याची पद्धत आहे. सकाळी सौभाग्यवती चिंच घेऊन तांब्याची भांडी घासावयास बसली. माझा सेंट भिंगासह टेबलावर राहिला होता. मी बाजारातून परतलो तो सेंट नव्या नवरीसारखा झळकत होता!

"अहो, काळा ठिक्कर पडला होता," ती कौतुकाने म्हणाली.

नाणी जमविणाऱ्यांचा पहिला नियम म्हणजे नाणे धुऊ नये. त्याचा काळवंडलेला रंग हेच त्याचे वय. एकदा गेला की परत येत नाही. हे मी आता चांगले खडसावून सांगणार, तोच दादाचा फोन आला.

इतकी वर्षे टाळलेली गोष्ट त्याने अखेर केली होती. आदल्या आठवड्यात कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ झाली. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा आपला पासपोर्ट परत करावयाचा. शपथ राजे तिसरे चार्ल्स यांच्या निष्ठेची, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या नातवाच्या! मी हातातल्या सेंटाकडे पाहत राहिलो.

फोन ठेवल्यावर आईने विचारले, "म्हणजे त्याच्या कागदावर आता आपल्या देशाचं नाव नाही?"

मी समजावू लागलो. परदेशस्थ भारतीयांना एक कार्ड मिळते, त्यावर केव्हाही येता येते, हवे तितके राहता येते...

"ते कळलं रे. मी कागदाचं विचारलं."

"नाही," मी म्हणालो.

आई काही बोलली नाही. संध्याकाळी पूजेची मांडणी झाली, तेव्हा तिने तो सेंट माझ्याकडून मागून घेतला आणि तबकात रुपयांशेजारी ठेवला.

"आई, अगं, ते परक्या देशाचं नाणं..."

"रात्री जागून शोधलंय त्याने. राहू दे."

रुपयावर पाचवा जॉर्ज, सेंटावर सहावा. स्वतःला हिंदुस्थानचे सम्राट म्हणविणारे बापलेक आमच्या तबकात हळदकुंकू लावून बसले होते. सौभाग्यवतीला खडसावण्याचे राहून गेले, ते राहूनच गेले.

तो सेंट मी पुन्हा संग्रहात ठेवला नाही. रुपयांच्या डबीतच आहे. यंदाही पूजेला निघेल, आणि चिंच तर घरात येऊन पडली आहे. मी एवढीच विनंती केली आहे की, पानाजवळ जरा हलक्या हाताने घास.